सात नंबरचा तपकिरी पियानो

परीक्षा संपल्या की पियानो जायचे.

हे दरवर्षीचं होतं. विद्यापीठाच्या संगीत विभागाकडे स्वतःचा असा एकही पियानो नव्हता. शहरातलं एक मोठं दुकान वर्षभर वापरायला पियानो द्यायचं. नवे कोरे, काळे, चकचकीत. मुलांनी त्यांच्यावर वर्षभर हात साफ करायचा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर दुकानानं विभागाच्याच सभागृहात त्यांची विक्री मांडायची. दारावर ‘विद्यापीठात वाजलेले पियानो’ अशी पाटी लागायची. आईबाप पोरांना हाताशी धरून यायचे, झाकणं उघडायचे, एका बोटानं टणटण करून बघायचे आणि जाणकार चेहऱ्यानं मान हलवायचे. विकले गेलेले पियानो घरोघरी जायचे. एखादा उरलाच तर त्याला परत नेण्याच्या खटाटोपात दुकान पडायचं नाही. तो आणखी एक वर्ष विभागातच राहायचा. मग नवे यायचे. दुकानाला जाहिरात, विभागाला पियानो. कुणाचं काही जात नव्हतं.

गेलंच तर ताईचं जायचं.

ताई विभागात साथ करायची. मूल गात असो नाहीतर व्हायोलिन वाजवत असो, परीक्षेत त्याच्या मागे पियानोवर बसलेली, करड्या केसांचा अंबाडा घातलेली बाई म्हणजे ताई. परीक्षक मुलाकडे बघायचे. मूल समोरच्या भिंतीकडे बघायचं. ताईकडे कुणी बघत नसे, आणि तिच्या मते कामाची पावती ती हीच. साथ चांगली झाली की ती कुणाच्या लक्षात येत नाही, असं ती म्हणायची. मूल अडखळलं तर ती त्याच्याबरोबर अडखळायची, इतक्या सफाईनं की मूळ गाण्यातच तिथे ठेच असावी असं वाटायचं. मुलं तिला तोंडावर ताई म्हणायची आणि पाठीमागे साथताई. तिला दोन्ही चालायचं.

नेमणूक मात्र सत्रापुरती. सत्र संपलं की नेमणूक संपली, पुढचं लागलं की पुन्हा बोलावणं. इतकी वर्षं बोलावणं आलं म्हणजे पुढेही येईल, असं ती धरून चालायची. तसं लिहून कुणी दिलेलं नव्हतं.

घरी पियानो नव्हता. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आणि जिना असा की साधं कपाट चढवताना हमालांनी वळणावर हात टेकले होते. ते कपाट शेवटी खालच्या शेजाऱ्यांनाच देऊन टाकावं लागलं. त्यामुळे ताईचं सगळं वाजवणं दुसऱ्याच्या पियानोवर. एखाद्या पियानोच्या खोडी कळाव्यात, कुठली पट्टी उशिरा उठते, कुठली आगाऊपणा करते ते बोटांना पाठ व्हावं, की विक्रीचा दिवस उगवायचा.

“तुझं बरं आहे,” तिची आई म्हणायची. “दरवर्षी नवा संसार आणि दरवर्षी काडीमोड.”

“काडीमोड काय गं. पाहुणे म्हणून येतात, पाहुणे म्हणून जातात.”

“पाहुणे जाताना निदान ‘तुम्ही या’ म्हणतात.”

आईचं वय झालं होतं, जीभ मात्र तरुण होती. ताईच्या हाताचं पहिल्यांदा तिलाच कळलं. ताईनं सांगितलं नव्हतं. सकाळी बरणीचं झाकण उघडत नव्हतं, ताईनं ते फडक्यात धरलं, मग दारात अडकवलं, मग बरणी तशीच ठेवून दिली.

“दाखव,” आई म्हणाली.

“काय?”

“माझं डोकं. हात दाखव.”

उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सूज होती. डॉक्टर म्हणाले, सांध्याची झीज आहे. हलकं काम करा.

“माझं काम हलकंच आहे. बसून करते,” ताई म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, “बसून काय करता?” आणि तिनं सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. मनगटाला बांधायला एक पट्टा दिला. तो पट्टा ताईनं कधी विभागात नेला नाही. पट्टा बांधलेल्या साथीदाराला पुढच्या सत्राचं बोलावणं कोण पाठवणार?

त्या वर्षी दुकानानं पाठवलेल्या पियानोंत एक तपकिरी होता. काळ्यांच्या रांगेत तो चुकून आत शिरलेल्या नातेवाइकासारखा दिसायचा. त्याला टोकाच्या सात नंबरच्या खोलीत टाकलं. सात नंबरला दुपारचं ऊन यायचं, खिडकीची कडी लागायची नाही, तिथे सराव करायला मुलं नाखूश असत. म्हणून ती खोली ताईची झाली. ती मुलांना सरावाला तिथे बोलवायची.

सुरुवातीला तपकिरी पियानो इतरांसारखाच होता, उलट थोडा जडच. पट्टी खाली दाबायची म्हणजे मनापासून दाबावी लागायची. एक मोठं गाणं झालं की ताई मुलाला म्हणायची, “जा, पाणी पिऊन ये.” मूल गेलं की उजवा हात डाव्या हातात धरून बसायची.

आणि मग दोन सत्रांमधल्या सुट्टीनंतर तो सैल झाला.

ती खोलीत आली, सवयीनं जोर लावला, आणि सूर असा उसळून आला की ती दचकली. पुन्हा वाजवलं, कमी जोरानं. मग आणखी कमी. पट्ट्या नुसत्या बोटांची वाट बघत असल्यासारख्या खाली जात होत्या. ती तासभर वाजवत बसली. उठली तेव्हा हात दुखत नव्हता.

तिला वाटलं, नवी चप्पल जशी घालून घालून पायाची होते, तसं झालं. आपण याला हाताळलं, याच्यावर घाम गाळला, म्हणून हा आपला झाला. हे तिनं आईला सांगितलं. आई म्हणाली, “चल, एक तरी तुला धार्जिणा निघाला.” ताईनं त्या सत्रातल्या सगळ्या परीक्षा सात नंबरमध्येच मागून घेतल्या. गाणाऱ्यांना तिथे आवाज घुमल्याचं सुख मिळतं, असं कारण दिलं. ते अगदीच खोटं नव्हतं.

तात्यांना तिनं सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं?

तात्या म्हणजे पियानो सुरात लावणारे. पगार दुकानाचा, पण वावर सगळा विभागात. हातात तारा पिळायची लांब दांड्याची किल्ली आणि कातडी पिशवी घेऊन ते खोलीखोलीतून फिरायचे. पियानोचा पुढचा भाग उघडायचे आणि आत तोंड घालून आजाऱ्याशी बोलावं तसं बोलायचे. “काय हो, काल कोणी मारलं तुम्हाला? सांगा नाव.” साठी उलटली होती. बायको गेल्यावर मुलाकडे राहात होते, आणि सुनेच्या घरात एवढंसं खुट्ट वाजलेलं चालत नाही म्हणून इथे येऊन ठणाणा करतो, असं स्वतःच सांगायचे.

दुपारचा चहा ते सात नंबरमध्ये ताईबरोबर प्यायचे. कप खिडकीत ठेवायचे, पियानोवर कधीच नाही. ताईनं एकदा नुसता हात तिकडे नेला तर म्हणाले, “ठेव ठेव. त्याच्यापेक्षा माझ्या डोक्यावर ओत.”

गप्पा सगळ्या पियानोंच्या. एका घरी म्हणे पियानो घरघरायला लागला. तात्यांनी तारा तपासल्या, खिळे तपासले, अर्धा दिवस गेला. घरातली बाई म्हणाली, विकून टाकू. शेवटी पायांजवळची फळी काढून हात आत घातला तर मागच्या मोठ्या पातळ फळीला, जिच्यातून सगळा आवाज घुमतो, तिला टेकून केसांचा एक आकडा पडलेला.

“एक आकडा! कुणी गिऱ्हाईक आलं असतं ना, तर कानावर हात ठेवून पळालं असतं.”

ताई पोटभर हसली होती. तिच्या अंबाड्यातही तसलेच आकडे होते.

परीक्षा जवळ आल्या तसा तिला घोर लागला. गाण्यांचा नव्हे. हात आता सकाळी उठल्यावरच दुखायचा, पियानोला न शिवताही. सात नंबरच्या पियानोवर ती अजून पूर्ण दिवस काढू शकत होती. एकदा सभागृहातल्या काळ्या पियानोवर बसायची वेळ आली, तर दुसऱ्याच गाण्यात अंगठा कुणीतरी मुरगाळावा तसा झाला. तिनं खालचे सूर गाळले आणि मुलाला ते कळलं नाही. तिला कळलं. तपकिरी पियानो गेला की नवा येणार, कोरा, जड. तो सैल व्हायला निम्मं वर्ष लागणार. तेवढं हाताकडे राहिलं नव्हतं.

बोलावणं गेलं की काय उरतं, हे तिनं एकदा मनात मांडून बघितलं. दोन खोल्या उरत होत्या आणि बरणीची झाकणं.

विक्रीच्या आदल्या दिवशी हमालांनी पियानो सभागृहात नेऊन रांगेत लावले. तपकिरी अगदी दाराशी. काळ्यांत एकच वेगळा, म्हणून दुकानाच्या मॅनेजरनं मुद्दाम पुढे ठेवला होता. “हा पहिला जाणार बघा, ताई,” तो म्हणाला. “घरातल्या लाकडाला शोभतो. बायकांना आवडतो.”

हमाल जेवायला गेले. ताई पियानोपाशी बसली. निरोपाचं वाजवतेय असं बघणाऱ्याला वाटलं असतं. तिनं पायांजवळची फळी दाबून सोडवली, अंबाड्यातले दोन आकडे काढले आणि आत, मागच्या फळीला टेकतील असे सोडले. फळी परत बसवली. खालचा एक सूर वाजवला. पियानो घशात काहीतरी अडकल्यासारखा खरखरला.

 तिनं झाकण लावलं आणि ती घरी गेली. एक वर्ष, तिनं मनाशी म्हटलं. कुणाचं काही जात नाही.

विक्रीच्या दिवशी तिनं ठरवल्याप्रमाणेच सगळं झालं. लोक तपकिरी पियानोकडे आधी यायचे, खालच्या पट्ट्या वाजवायचे आणि भुवया उंचावून पुढच्याकडे सरकायचे. हे इतकंच राहिलं असतं तर बरं होतं. पण दुपारी एक बडं गिऱ्हाईक आलं. स्वतः वाजवणारे गृहस्थ, बरोबर बायको, मुलगी, मुलीची शिक्षिका. मॅनेजरनं त्यांना हात धरून तपकिरी पियानोवर बसवलं. त्यांनी दोन ओळी वाजवल्या, थांबले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “विद्यापीठात वाजवतात की दळण दळतात?”

लोक हसले. मॅनेजरचा चेहरा उतरला.

“तात्या!” त्यानं हाक मारली. “हे काय आहे?”

तात्या पिशवी घेऊन आले. खाली बसले, फळी काढली, हात आत घातला. ताई खांबाशी उभी होती. तात्यांचा हात आत फिरत होता. फिरता फिरता थांबला.

ते तसेच बसून राहिले. मग त्यांनी मान वर केली आणि ताईकडे बघितलं. तोंडाकडे नाही, केसांकडे. त्या दिवशी तिनं अंबाडा घातला नव्हता. केस नुसते मागे बांधले होते.

तात्यांनी हात बाहेर काढला. रिकामा.

“सापडत नाही,” ते म्हणाले. “असं एका दिवसात सापडायचं नाही. राहू द्या इथेच. वर्षभरात हुडकून काढतो.”

ताईचा जीव भांड्यात पडला. तेवढ्याच वेळासाठी.

“वर्षभर?” मॅनेजर म्हणाला. “माझं नाक कापलं गेलं चार लोकांत. आत्ताच्या आत्ता गाडीत घाला. कारखान्यात खोलू दे पार सगळा.”

“अहो, एवढं खोलण्यासारखं काही...”

“तात्या, तुम्ही का एवढे मागे खेचताय?”

 तात्यांनी फळी जागेवर बसवली आणि गुडघ्यांवर हात टेकून उठले. हमालांनी तपकिरी पियानो बाहेर नेला. ताईनं तात्यांना गाठायला बघितलं, पण ते दुसऱ्या पियानोत तोंड घालून बसले होते, आणि या वेळी त्याच्याशी काही बोलत नव्हते.

कारखान्यात आकडे लगेच सापडले. पण खोलायचं म्हणजे पट्ट्याही बाहेर काढल्या गेल्या. प्रत्येक पट्टी म्हणजे आतपर्यंत गेलेली लाकडाची लांब काठी. त्या प्रत्येक काठीला वाजवणाऱ्याच्या बाजूला नवीन भोक पाडलेलं होतं आणि भोकात शिशाचा तुकडा ठोकून बसवलेला होता. एकूण एक पट्टीला. पुढचं टोक जड झालं की पट्टी बोटाखाली हलकी होते. काम इतकं नेटकं होतं की कुणी केलं असेल, हे कारखान्यातल्या माणसांना विचारावं लागलं नाही.

विभागप्रमुख मॅडमच्या खोलीत तात्यांना बोलावलं गेलं. ताई व्हरांड्यात होती. दार उघडंच होतं.

“हा दुकानाचा माल आहे,” मॅनेजर म्हणत होता. “आपण वापरायला देतो. तुम्ही त्याला भोकं पाडता? कुणाला विचारून?”

“कुणाला नाही.”

“का?”

“पट्ट्या जड होत्या.”

“सगळ्यांच्याच जड असतात नव्या असताना. मग याच एकाला का?”

“हात लागला तेवढा केला. बाकीच्यांना वेळ नाही मिळाला,” तात्या म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, “तात्या, कुणी सांगितलं होतं का तुम्हाला? कुणासाठी केलंत?”

“पियानोसाठी.”

व्हरांड्यात ताईनं भिंतीला हात टेकला. दोन सत्रांमधली ती सुट्टी तिला आठवली. तात्यांनी तिच्याकडून सात नंबरच्या दाराची किल्ली मागून घेतली होती. सुट्टीत तरी आराम करा की, ती म्हणाली होती. सुनेला सांग, तात्या म्हणाले होते.

ती आत जाऊन खुर्चीवर बसली. आकडे मी टाकले, असं तिनं सांगून टाकलं. मला तो पियानो जायला नको होता.

 मॅनेजर आधी तिच्याकडे आणि मग मॅडमकडे बघत राहिला.

“ताई, आकडे काय, काढले की संपलं,” तो म्हणाला. रागापेक्षा कंटाळून बोलला. “तुमची माया कळली मला. पण ही भोकं कशी बुजवू? हा आता धड म्हणून कुणाच्या गळ्यात मारू? म्हाताऱ्यानं कारण सांगितलं असतं तर विचार तरी केला असता.”

तो तिच्याकडे बघत होता. मॅडमही बघत होत्या. ते कारण ताईच्या मांडीवर होतं, पर्सच्या खाली झाकलेला उजवा हात. तिनं तोंड उघडलं.

तात्यांनी बसल्या जागेवरून मान हलवली. इतकी थोडी की दुसऱ्या कुणाला दिसली नसती.

ताईनं तोंड मिटलं.

तात्यांना दुकानानं काढलं. विभागातले पियानो दुकानाचे, त्यामुळे तात्यांना आता विभागात कामच उरलं नाही. तपकिरी पियानो कारखान्यातून परत आला. भोकं पाडलेला माल कुणी घेणार नव्हतं, म्हणून दुकानानं तो विभागाला देऊन टाकला. कायमचा. संगीत विभागाचा स्वतःचा असा पहिला पियानो. मॅडमनी तो सात नंबरमध्ये ठेवायला सांगितलं. ताईला जे हवं होतं ते मिळालं, त्यात काहीही कमी नव्हतं.

ती तात्यांच्या घरी गेली. सुनेनं दार उघडलं. तात्या गॅलरीत खुर्चीवर बसले होते, मांडीवर पेपर, आणि पेपर उलटा नव्हता पण ते वाचतही नव्हते.

“ये,” ते म्हणाले. “चहा घेशील? कप कुठेही ठेव इथे.”

ते चिडले असते तर तिला सोपं गेलं असतं.

“तात्या, मला माहीत नव्हतं. मला वाटलं, वाजवून वाजवून सैल झाला.”

“वाजवून?” ते हसले. “अगं, तुझ्या बोटांत एवढा जोर असता तर मला भोकं कशाला पाडावी लागली असती?”

“तुम्हाला कसं कळलं हाताचं?”

“चहाचा कप डाव्या हातानं उचलायला लागलीस. मी रोज समोर बसत होतो. आंधळा आहे का मी?”

 सून आतून एकदा डोकावून गेली.

“आकडे हाताला लागले होते माझ्या,” तात्या म्हणाले. “म्हटलं, हिला ठेवायचा आहे तर राहू दे इथेच. कारखान्यात नाही गेला म्हणजे दोघांचं भागलं. नाही भागलं.” त्यांनी मांडीवरचा पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, “पण एक सांग. नुसता तोच कशाला हवा होता तुला? नवा आला असता, त्यालाही केलं असतं मी. पुढच्यालाही केलं असतं. सुट्टी काय दरवर्षी येते. सांगायचं होतंस फक्त.”

हे त्यांनी रागानं म्हटलं नाही. हिशेब चुकलेल्या मुलाला दाखवावं तसं दाखवलं. ताई पायऱ्या उतरली तेव्हा तिला पायऱ्या दिसत नव्हत्या.

नव्या सत्रात नवे पियानो आले. दुकानाचा नवा माणूस आला, तरुण, कानात गाणी अडकवून काम करणारा. सात नंबरला तो फिरकायचा नाही. “तो आमचा नाही,” तो म्हणायचा, आणि ते खरंच होतं. विभागाकडे पियानो होता पण पियानोचा माणूस नव्हता. मॅडम म्हणायच्या, बघू. ताईनं स्वतः तारा पिळायची किल्ली मागून आणली आणि एक तार पिळून बघितली. किल्ली तसूभरही हलली नाही, आणि संध्याकाळपर्यंत हात वर उचलेना. सात नंबरमध्ये दुपारचं ऊन पूर्वीसारखंच यायचं. लाकूड तापायचं, रात्री निवायचं. एकेक तार उतरत गेली. पट्ट्या मात्र हलक्याच राहिल्या.

घरी आई विचारायची, “कसा आहे तुझा धार्जिणा?”

“उतरत चाललाय.”

“तूही,” आई म्हणायची. पण हल्ली ती हे हळू आवाजात म्हणायची.

परीक्षा सात नंबरमध्येच लागल्या. पहिली मुलगी गायला उभी राहिली. बारीक, घाबरट, पण सुराला पक्की. ताईनं सुरुवातीचे सूर दिले. मुलीनं स्वर लावला, आणि तो पियानोला जुळेना. मुलीचा बरोबर होता. तिनं गोंधळून मागे पाहिलं, पियानो चुकणार नाही असं तिला शिकवलेलं होतं, म्हणून तिनं आपला स्वर खाली ओढला. पुढच्या सुरावर पियानो तिथेही नव्हता. मुलगी चाचपडायला लागली. एका परीक्षकानं पेन उचललं.

साथीदार परीक्षेत थांबत नाही. मुलाचा श्वास तुटो, कागद पडो, मागचं वाजणं चालू राहतं. ताई कधी थांबली नव्हती.

ती थांबली.

“चूक तिची नाही,” ती परीक्षकांना म्हणाली. “पियानो उतरलाय. सभागृहात चला. तिथला वाजवते.”

“सगळ्याच परीक्षा तिकडे घ्यायच्या?” मॅडमनी विचारलं.

“सगळ्याच.”

सभागृहातला पियानो काळा, नवा, सुरात चोख होता. ताई बसली. पहिल्याच पट्टीनं तिला अंगठ्याची आठवण करून दिली. मुलगी पुन्हा गायली आणि या वेळी स्वर जिथे लागायचा तिथे लागला. तिच्यानंतर दुसरा. मग बासरीवाला. अंगठा आधी ठणकला, मग तापला, मग तो आहे की नाही हेच कळेनासं झालं. ताईनं एकही सूर गाळला नाही. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. म्हणजे साथ चांगली होत होती.

शेवटचं मूल नमस्कार करून गेलं. परीक्षक कागद आवरायला लागले. ताईला झाकण लावायचं होतं. उजव्या हातानं ते धरता आलं नाही, म्हणून तिनं डाव्यानं ओढलं, आणि ते सुटून दाणकन आपटलं.

मॅडम जवळ आल्या. हात मांडीवर उताणा पडला होता. या वेळी पर्स खुर्चीखाली होती.

“हे काय झालंय?”

“सांध्याची झीज.”

“कधीपासून?”

“गेल्या वर्षीपासून. त्याच्या आधीपासूनही असेल. इथे तात्यांना आधी दिसलं. मला कुणाला सांगायचं नव्हतं. ते शिसं या हातासाठी होतं.”

मॅडम शेजारच्या खुर्चीवर बसल्या. 

“आता हे सांगून तात्या परत येतील, असं वाटतं तुम्हाला?”

“नाही.”

“आणि पुढच्या सत्राचं...”

“माहीत आहे, मॅडम.”

“मग आत्ता का सांगितलंत?”

ताईनं डाव्या हातानं पर्स उचलली.

“तेव्हा सांगायचं राहिलं होतं,” ती म्हणाली.

सात नंबरमध्ये तिचा चष्मा राहिला होता. ती तो आणायला गेली. तपकिरी पियानो उघडाच होता. तिनं उभ्याउभ्या डाव्या हाताच्या एका बोटानं पट्टी दाबली, मुलगी जिथे चाचपडली होती ती. पट्टी अलगद खाली गेली, अजिबात जोर न लावता. सूर चुकीचा आला.

तिनं झाकण लावलं, चष्मा घेतला आणि खिडकीची न लागणारी कडी एकदा ओढून बघितली.